असे कृष्णात पिराजी चौगुले यांनी सांगितले

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि प्रियदर्शनीला नवऱ्याची खबर पेपरातून मिळायला लागली होती.

पहिल्यांदा तिला कौतुकच वाटलं. ‘खड्ड्यांनी कंबर मोडली, असे वाहनचालक कृष्णात पिराजी चौगुले यांनी सांगितले.’ तिनं ते सासूला, धोंडुबाईंना, दोनदा वाचून दाखवलं. मग हुपरीच्या चांदीबाजाराची बातमी आली. ‘चांदी महागली तरी बायकोसाठी पैंजण घेतले, असे ग्राहक कृष्णात पिराजी चौगुले यांनी सांगितले.’ प्रियदर्शनीनं आपल्या पायांकडं बघितलं. पाय मोकळेच होते.

कोल्हापुरात कृष्णात पुष्कळ असतील, पण बापाच्या नावासकट?

विचारलं तर कृष्णात हसला. “पेपरवालं काय बी छापत्यात,” म्हणाला आणि वारणानगरची बस गाठायला पळाला. तिथं दुधाच्या प्लँटवर तो कामाला. मंगळवारी सुट्टी, पण ओव्हरटाइम म्हणून त्या दिवशीही बाहेर पडायचा. आणि परत आला की धोंडुबाई त्याला दारातच गाठून कुजबुजायच्या.

संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की माणूस रद्दीसुद्धा वाचतं. भाजी बांधून आलेल्या कागदावर तिला सापडलं : ‘कळंब्याच्या थांब्यावर शेड नाही. दर आठवड्याला उन्हात उभा राहतो, असे प्रवासी कृष्णात पिराजी चौगुले यांनी सांगितले.’ कळंब्यात याचं काय ठेवलंय? म्हणजे बाई कळंब्यात राहते! पैंजणही तिथंच गेले!

आणि चार दिवसांनी शाळेच्या फीची बातमी आली. त्यात कृष्णात पिराजी चौगुले चक्क पालक होते. प्रियदर्शनीच्या पायाखालची जमीनच सरकली. घरात पाळणा नाही आणि याचं पोरगं शाळेत!

तिनं सगळे कागद पिशवीत कोंबले आणि थेट पेपरचं ऑफिस गाठलं. तिथं चिराग बातमीदार होता, कृष्णातचा शाळेपासूनचा दोस्त.

कागद बघून चिरागनं कानच पकडले. “वहिनी, सगळं माझंच पाप! बातमीला सामान्य माणूस लागतोय. माणसं भरभरून बोलत्यात, पण नाव इचारलं की पळत्यात. कृष्णात म्हणाला, घाल माझं, मला कोण खातंय? तवापास्नं माणूस पळाला की कृष्णात हायच.”

“आणि पैंजण?”

“दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं.”

“आणि शाळेतलं पोरगं?”

“त्यो पालक मास्तरला भ्याला.”

प्रियदर्शनी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. केवढं ओझं उतरलं होतं! “मग कळंब्याचं बी तुमचंच म्हणा की.”

“कळंब्याचं मी कायबी लिवलेलं न्हाय.” चिरागनं तो चुरगळलेला कागद उलटसुलट केला आणि त्याचा आवाज खाली आला. “ह्यो आमचा पेपरच न्हवं, वहिनी.”

“म्हंजे ह्ये खरं?”

“नाव द्यायची सवय मीच लावली त्याला. त्यो थांबा जेलच्या दारातला हाय. फुडचं कृष्णातलाच इचारा.”

घरी येईपर्यंत तिचं सगळं जुळलं होतं. थोरले दीर अमरसिंह मस्कतला असतात, असं सांगितलं होतं. रजा नाही म्हणून लग्नाला आले नाहीत. त्यांचा फोन मात्र कधी तिच्या हातात आला नाही.

कृष्णात अंगणात पाय धूत होता. तिनं पिशवी त्याच्यापुढं ठेवली. “मस्कतात थोरल्या भावजींस्नी ऊन लई लागतंय का वो?”

तांब्या त्याच्या हातातच राहिला. धोंडुबाई लगबगीनं उंबऱ्यावर आल्या. “हाणामारीत अडाकलाय गं त्यो. सांगितलं असतं तर तुझ्या बानं पोरगी दिली असती व्हय?”

दिली नसती. हे प्रियदर्शनीलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती जास्त पेटली. कळंब्यात बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. इथं रोज जिच्या हातचं जेवायचं, तिलाच दोघांनी मिळून गंडवलं होतं.

“परक्याला कळू ने म्हणून...” कृष्णात पुटपुटला.

“परक्याला? थांब्यावर भेटल्याल्या पेपरवाल्याला खरं नाव, खरं गाऱ्हाणं सांगितलासा. मग ह्या घरात परकं कोण, तेवढं सांगा.”

कृष्णात पिराजी चौगुले यांनी काहीच सांगितलं नाही.