तापलेला समुद्र आणि कच्च्या विटा

मी हवामान कचेरीत नकाशे भरायचे. आता ते काम यंत्रं करतात. तेव्हा जहाजावरचे खलाशी समुद्रात बादली सोडत, वर ओढून पाण्याचं तापमान बघत आणि बिनतारी संदेशाने कळवत. जहाज जिथे असेल तिथे नकाशावर तो आकडा मांडायचा, एवढंच माझं काम.

माझी थोरली बहीण समुद्रापलीकडच्या खंडात दिली होती. भाऊजींची वीटभट्टी होती. माती काढून काढून झालेल्या खड्ड्यात वारा लागत नाही, म्हणून मजुरांनी तिथेच झोपड्या घातल्या होत्या. उघाडीच्या दिवसांत वर मैदानभर कच्च्या विटा वाळत असायच्या.

त्या वर्षी ताईच्या बाजूचं पाणी तापत गेलं आणि आमच्या बाजूचं गार पडत गेलं.

"एखादी बादली उन्हात राहिली असेल," साहेब आधी म्हणाले. मग म्हणाले, "सगळ्याच जहाजांच्या कशा राहतील?" नकाशाकडे ते बराच वेळ बघत राहिले. "वाफ तिकडेच उठणार, वारा ती त्यांच्याच जमिनीवर नेणार. यंदा समुद्र पलीकडच्यांना बुडवेल, आपल्याला सुकवेल. पण छातीठोकपणे नाही सांगता येत."

मी ताईकडे फोन लावला. भाऊजींनी उचलला.

"भाऊजी, मजुरांना खड्ड्यातून वर आणा. यंदा उघाडीतच पाऊस येईलसं दिसतंय."

"अहो मेव्हणीबाई, इथे आभाळ कसं घासूनपुसून ठेवलंय! तुम्ही तिकडे बादलीत डोकावून आमचं आभाळ सांगणार?"

"चुकले तर जन्मभर चिडवा."

"ते नाही चुकलात तरी चिडवीनच की!"

ताईने फोन ओढून घेतला. "नक्की आहे का गं?"

"नक्की नाही. पण त्या खड्ड्यात पोरंबाळं आहेत, ताई."

नंतर कळलं, तिने नवऱ्याशी अबोला धरून भाजलेल्या विटा ठेवायची वरची शेड रिकामी करून घेतली आणि सगळी बिऱ्हाडं तिथे आणली. शेडमध्ये दाटीवाटी झाली, भांडणं झाली. आभाळ कोरडंच राहिलं. भाऊजी येता-जाता विचारायचे, "आला का तुझ्या बहिणीचा पाऊस?"

भट्टी लावणारा म्हातारा त्या गलक्याला कंटाळून खड्ड्यातल्या आपल्या झोपडीत परत गेला.

पाऊस भरदुपारी आला. आला तो थांबेचना. खड्डा काठोकाठ भरला.

फोन भाऊजींचाच आला. "विटांचा चिखल झाला," ते म्हणाले. "म्हातारा सापडला नाही हो. मला विचारून गेला होता. मीच म्हटलं, जा बाबा, कसला आलाय पाऊस."

त्या आठवड्यात आमच्याकडे नळ कोरडे पडले होते, आणि आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"मेव्हणीबाई," त्यांनी विचारलं, "आज समुद्र कसा आहे?"

सकाळचा नकाशा समोरच होता. "अजून तापलेलाच आहे, भाऊजी."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन हातात धरूनच त्यांनी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "अरे, खड्ड्याकडे कुणी फिरकायचं नाही. सगळ्यांनी शेडमध्येच राहायचं."