कुंडीतलं पाणी

अन्नपूर्णाची बायपास ठरली होती. त्याआधी शहरातल्या दवाखान्यात तिची अँजिओग्राफी झाली. त्यात नसेतून औषध सोडून फोटो काढतात. ते औषध किडनीवाटे बाहेर पडावं लागतं. संजीवनी सिस्टरनी मला पाण्याच्या बाटलीवर पेनानं खुणा करून दिल्या.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी आईंच्या पोटात गेलंच पाहिजे. आधी किडनी सांभाळायची, मग हृदय."

मी खुणेप्रमाणे बाटली भरायचो, ती रिकामी व्हायची. तरी दोन दिवसांनी रिपोर्ट बिघडला. क्रिएटिनिन वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे खाली आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही. असंच वाढत गेलं तर डायलिसिस करावं लागेल."

मी तिच्या पलंगाजवळ येऊन बसलो. खिडकीत एक कुंडी होती. त्यातलं झाड पिवळं पडलं होतं. आम्ही देऊळघाटची भाजीपाला करणारी माणसं. झाड तहानेनं पिवळं पडलं की जास्त पाण्यानं, हे आम्हाला लांबून कळतं. मी मातीत बोट घातलं. नुसता चिखल.

"अवीची माय, हे झाड कोण मारून राह्यलं?"

"मले काय माहीत? दवाखान्याचं हाय."

"सारी बाटली याले पाजली ना तू?"

ती खिडकीकडे पाहू लागली. "थोडं म्यायी पेलं."

"काऊन असं करून राह्यली? किडनी जाईन ना तुई!"

"हळू बोला. संडास पार त्या टोकाले हाय. मधात साऱ्या बाप्या माणसाईचे पलंग. घंट्याघंट्याले मिरवत जाऊ काय? अन् दाराले कडी नाई."

"मंग वावरात कशी करत होती?"

"वावरात मले कधी पाणी पेताना पाह्यलं? आमी बाया सकाळी घरून निघालो का संध्याकाळी घरीच पेतो. कुठी बसाव सांगा बरं? तुमचं वांगं तं कमरेइतकंच वाढते."

पाण्याची पाळी आली की शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचलं का, ते मी वाकून पाहायचो. चाळीस वर्षं. तिला तहान लागली का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिच्यासमोर ग्लास धरला. ती प्यायली. मग तिला हाताला धरून नेलं आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो. कोणी येताना दिसलं की मोठ्यानं खोकायचो.

आतून ती म्हणाली, "इतके खोकू नका. दम्याचा पेशंट समजून तुमालेच भरती करतीन!"

दिवसरात्र हेच चाललं. मी भरायचो, ती प्यायची, मी खोकायचो. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरायला लागलं. आठवड्यानं ऑपरेशन झालं. आत नेताना ती स्ट्रेचरवरून म्हणाली, "त्या झाडाले अजून दोन दिवस पाणी देऊ नका हो. माती वाळू द्या."

घरी आल्यावर मी वावराच्या कडेला, धुऱ्यावर, टिनाची खोली बांधली. आत संडास, दाराला आतून कडी, बाहेर पाण्याचा माठ. ती पाहायला आली. कडी दोनदा लावून, काढून पाहिली. "गावात सांगू नका, बायकोसाठी महाल बांधला म्हणून," म्हणाली. पण मला दिसेल असं उभं राहून ती माठातलं पाणी प्यायली.

त्यानंतर ती सहा वर्षं माझ्यासोबत होती. किडनीनं शेवटपर्यंत त्रास दिला नाही. गेल्या माघात झोपेतच गेली.

आता निंदायला तानाबाई चार बाया घेऊन येते. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. तो मीच भरतो. त्या बाजूला जाताना लांबूनच मोठ्यानं खोकतो.

"कडूबाभाऊ," परवा तानाबाई म्हणाली, "इतका खोकला बरा नाई. एकडाव दवाखान्यात दाखवा ना."

"हाव, दाखवतो," म्हटलं, आणि माठ भरायला घेतला.