अकराचा पंखा

दुधाची गाडी पलीकडच्या काठावरून धूळ उडवत निघून गेली, तेव्हा नावाडी अजून भर पाण्यात होता. बोटीत गावातल्या सगळ्या गोठ्यांतले चौदा भरलेले कॅन आणि मागे कण्हणारं मशीन. त्याने मूठ पार पिळली, तरी बोट काही वेग घेईना. आठवड्यात ही दुसरी खेप. गावाने बजावलंच होतं, आठवड्यात तिसऱ्यांदा गाडी चुकली की दूध टेम्पोने वळसा घालून जाईल. मग ही बोट काठावर उलटी घालायची आणि वर बसून माश्या मारायच्या.

"मशीनच नाटकं करतंय," तो बायकोवर खेकसला. ती पुढे कॅनांची झाकणं दाबून बसली होती.

"मशीन तेच आहे. खाली पाण्यात फिरणारा पंखा तेवढा नवा आहे."

"पंख्याला नावं ठेवू नकोस. एका फेऱ्यात अकरा इंच पुढे ढकलतो. जुना आठच ढकलायचा. तुझ्या भावाच्या बोटीला हाच आहे, कशी सुसाट जाते बघ!"

"माझा भाऊ दोन माणसं बसवून जातो. तुम्ही अख्खा गोठा घेऊन."

"पाच मिनिटं वाचतात. घड्याळ लावून बघितलंय मी!"

"कधी बघितलं?"

"येताना."

"आणि जाताना?"

"जाताना कॅन सांभाळू की घड्याळ बघत बसू?"

बोलला आणि त्याचा त्यालाच चटका बसला. दूध जातानाच असतं. येताना असतात ते रिकामे, खडखडणारे कॅन. महिनाभर तो रिकाम्या बोटीचा वेग मोजून मिशीला पीळ देत होता!

घरी आल्यावर जुना पंखा सापडेना. कडब्यात नाही, माळ्यावर नाही. चिडून त्याने सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी बायकोने पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरून तो उचलला. "वारा झाकण उडवायचा, म्हणून वजन ठेवलं होतं. भंगारात दिला असता म्हणजे?"

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने मशीन वर उचललं, पिन काढली, नट सोडला, आठचा पंखा चढवला. दुसऱ्या दिवशी तेच चौदा कॅन भरले. मूठ पिळली तसा मशीनचा आवाज मोकळा झाला आणि बोटीने नाक उचललं. ते पोचले तेव्हा पलीकडे गाडीवाला अजून तोंड धूत होता.

परतीला मात्र रिकामी बोट हलकी पडली आणि मशीन किंचाळायला लागलं. त्याला मूठ सैल करावी लागली. तेवढ्यात मेव्हणा मागून सणसणत आला, पाणी उडवत पुढे गेला आणि हात हलवून हसला.

नावाड्याचा हात पुन्हा मुठीवर वळवळला. बायकोने वळून पाहिलं.

"जाऊ द्या त्याला," ती म्हणाली. "आपलं दूध पोचलंय."