चिखलातली रेघ

मोझेस मास्तरांचा भाताच्या बियाण्याचा अंदाज उभ्या आयुष्यात चुकला नव्हता, आणि चुकला तो नेमका शनिवारी.

पनवेलजवळच्या विचुंब्याच्या शाळेमागे, नव्या इमारतींच्या गराड्यात, एक खाचर उरलं होतं. पहाटे घरची शेती आणि दिवसा शाळा, असं करत मास्तरांनी चाळीस वर्षं तिथं आठवीच्या मुलांना भात शिकवलं. निवृत्तीनंतरही ते येतच राहिले. यंदा मात्र गुडघ्यांनी साफ नकार दिला. मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी सांगून टाकलं होतं, "सर, तुमच्यामागे शिकवणारं कोणी मिळालं तर ठीक. नाहीतर संस्था तिथं गाड्या लावायला जागा करणार." मास्तरांनी तीन कृषी पदवीधरांना गळ घातली. एकाने येऊन चिखल पाहिला आणि बूट सांभाळत परत गेला. बाकीचे दोघे फिरकलेच नाहीत. मास्तरांना रात्र रात्र झोप लागेना.

गुरुवारी त्यांनी मुलांकडून बी मिठाच्या पाण्यात घालून पोचट दाणे काढले, उरलेलं धुऊन भिजवलं आणि शुक्रवारी गोणपाटात बांधून ठेवलं. रविवारी चिखल करायचा, रात्रीत मोड येणार, सोमवारी सकाळी पेरायचं, असं गणित होतं. पण उकाडा असा पडला की शनिवारी सकाळीच मोड बाहेर. आणखी एक दिवस राहिले तर ते एकमेकांत गुंतून मोडणार आणि शाळेचं यंदाचं भात संपणार.

आणि शनिवारी मास्तर मातीला हात लावत नसत; ज्यू माणसाचा तो विश्रांतीचा दिवस. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मास्तरांचा नेम तर वडिलांपेक्षा कडक: स्वतः काम करायचं नाही, दुसऱ्याला सांगायचंही नाही. बघायला मात्र बंदी नव्हती. ते बांधावर हाताची घडी घालून उभे राहिले. शेजारी अरुंधतीबाई.

गोण सोडली ती चिंगीने. कातकरवाडीची चिंगी वीस वर्षं मास्तरांच्या शेतात मजुरीला येत होती, आणि शाळेच्या खाचराचं पाणीही तीच बघायची. तिने मोड पाहिले, मास्तरांकडे पाहिलं आणि मुलांना हाक मारली, "चला, उतरा चिखलात. आज मास्तर बोलायचे नाय."

मुलांनी तासभर तुडवून चिखल केला आणि लगेच मुठी भरल्या. मास्तर एक पाऊल पुढे आले आणि थांबले. ताजा चिखल रात्रभर बसू द्यायचा, नाहीतर बी बुडून कुजतं, हे ते दरवर्षी फळ्यावर लिहीत. पण आज रात्र होती कुठे?

"थांबा," चिंगी म्हणाली. तिने पाणी काढून दिलं, खाली वाकून बोटाने चिखलात रेघ ओढली. रेघ लगेच बुजली. "अजून नाय." मुलं बांधावर बसली. तिने पुन्हा पुन्हा रेघा ओढल्या. दुपार कलल्यावर एक रेघ तशीच राहिली. "आता बी वर बसंल. हात खाली ठेवा, उंचावरनं टाकलं तर मोड तुटतील." एकाने मूठभर बी एकाच जागी ओतलं, त्याला तिने सगळं वेचायला लावलं. मुलं निमूट ऐकत होती. मास्तरांचं ती कधी एवढं ऐकत नसत.

वीस वर्षं ही बाई आपल्याच बांधावर होती, आणि आपण पनवेलभर शिक्षक शोधत हिंडलो. मास्तरांना मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

शनिवार संपायला आकाशात तीन तारे दिसावे लागतात. जूनच्या ढगांत एकही दिसेना, म्हणून मास्तरांनी घड्याळावर भागवलं आणि अरुंधतीबाईंना फोन लावला.

"बाई, शिक्षक मिळाला. तुम्ही आज पाहिलात."

पलीकडून बाई म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या. संस्थेला मी सांगते."

मास्तर तसेच कातकरवाडीवर गेले. चिंगी ऐकून घाबरलीच. "मला लिवता कुटं येतंय, मास्तर?"

"लिहायला मी आहे." ते तिच्या ओट्यावर बसले, वही उघडली आणि पेन सरसावून विचारलं, "रेघेसाठी बोट किती खोल घालायचं?"

चिंगीने आपल्या बोटाचं पहिलं पेर दाखवलं. मास्तरांनी ते नीट पाहिलं आणि लिहून घेतलं.