वर न जाणारा हात

देवाला माणसाचं मन दिसतं म्हणतात. तुमसरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत भैय्याजींना काख दिसते. रविवारी स्तुतीची गाणी सुरू झाली की ते पुढे माईक धरून उभे राहतात, एक डोळा भक्तीने मिटतात आणि दुसऱ्याने कोणाचा हात किती वर गेला ते बघतात.

तीन वर्षांपूर्वी असं नव्हतं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, भंडाऱ्याहून महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या विधीला येतात, बाकीचे रविवार मंडळीचे पंच म्हणून भैय्याजीच चालवतात. आम्ही सतरंज्यांवर बसून ढोलकीवर भजनं म्हणायचो आणि कोणाचं मन कुठे आहे ते ज्याचं त्याला माहीत असायचं. मग भैय्याजी नागपूरच्या एका मोठ्या सभेला जाऊन आले. तिथे म्हणे हजारो माणसं दोन्ही हात वर करून रडत होती. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "ज्याचे हात वर नाही जात, त्याचं मन दगडाचं आहे."

झालं. पुढच्याच रविवारी मंडळीत हातांचं पीक आलं. निर्मलाबाई दुसऱ्या कडव्याला नेमक्या रडू लागल्या. पहिल्याला कधीच नाही, कारण पहिल्याला लोक अजून दारात चपला काढत असतात. जिच्या बांगड्या नव्या, तिचा हात सगळ्यांत वर. मी तरी कुठे मागे होते? मी दोन्ही हात ताणून वर करायची, एक माझा आणि एक आमच्या ह्यांच्या वाटणीचा.

कारण ह्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. तीस वर्षं राइस मिलमध्ये पोती वाहून खांदा आखडला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, हळूहळू व्यायाम करा, ओढाताण अजिबात नको. शर्टाची बाही मी चढवून द्यायची, डोक्यावरून कंगवाही मीच फिरवायची. मी म्हटलं, निदान डावा तरी वर करा. तर म्हणाले, "एकच हात वर करून का मास्तरले पानी प्यायले जाऊ का म्हनून इचारू?"

ह्यांच्याकडे मंडळीत एकच काम होतं, शास्त्रवाचनाचं. अठरा वर्षं तेच. शनिवारी संध्याकाळी चष्मा पुसून तो उतारा तीन-चारदा वाचायचे, जिथे अडखळायला होईल तिथे पेन्सिलीने खूण करायचे. शिक्षण सातवी. मिलमध्ये "ए हिरालाल" यापलीकडे कोणी हाक मारली नाही. पण रविवारी हे उभे राहून वाचू लागले की कडेवरची पोरंसुद्धा गप्प बसत. त्या पाच मिनिटांच्या जोरावर ह्यांचा अख्खा आठवडा निघत होता, आणि भैय्याजींनी नेमकं तेच काढून घेतलं.

"मन नरम होऊ दे हिरालाल, मंग वाचजो," ते म्हणाले आणि वाचन आपल्या जावयाला दिलं. जावई चंदन मोबाइलमध्ये बघून वाचतो. मध्येच कोणाचा फोन आला की वचन तिथेच अडून बसतं.

मी भैय्याजींना जाऊन सांगितलं, "त्यायचा खांदा धरला आहे जी. डॉक्टरची चिठ्ठी आहे घरी."

"डॉक्टर खांदा पाहाते वैनी," ते गोड हसून म्हणाले. "आमी मन पाहातो."

घरी येऊन मी ह्यांच्यावरच चिडले. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटत होती. बायका माझ्याकडे बघून हळहळायच्या, जसं काही घरात दारू शिरली आहे. "दात आवळून थोडासा वर करा न!" मी ओरडले. "दुखलं तं दुखलं!"

"देवासमोर नाटक करू का?"

"सारेच करून राहिले!" मी म्हणाले. साऱ्यांत मीही होते.

मग भैय्याजींनी ह्यांच्या मनासाठी उपास-प्रार्थना ठेवली, बुधवारी, आमच्याच घरी. उपास त्यांचा आणि तो सोडायला वीस माणसांचा मसालेभात माझा. भात चुलीवर असतानाच सगळ्यांनी ह्यांना मध्ये बसवलं. प्रार्थना चढत गेली, आवाज चढत गेले. भाताच्या वासाने प्रार्थना लवकर आटोपेल असं मला वाटलं होतं, पण भैय्याजींनी ह्यांचं उजवं मनगट धरलं.

"सैल सोड हिरालाल! अडून नोको राहू!"

आणि हिसका देऊन ओढलं. खांद्यात काहीतरी कट्ट झालं ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. हे "माय वो!" म्हणून असे ओरडले की शेजारच्यांच्या बकऱ्या दावणीला उठून उभ्या राहिल्या. पण हात वर गेला होता. "हालेलूया!" म्हणत निर्मलाबाईंनी टाळ्या पिटल्या, कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. सगळे भात जेवून गेले. रात्र व्हायच्या आत मंडळीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला, खाली लिहिलेलं, 'चेहऱ्यावरचं तेज पाहा.' तेज होतं खरं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणाले, "प्रार्थनेत झालं."  खांद्यातला स्नायू फाटला होता. हात सहा आठवडे गळ्यातल्या पट्टीत.

शनिवारी भैय्याजी घरी आले. हातात रविवारच्या उताऱ्याचा कागद. "उद्या साऱ्यायसमोर साक्ष दे. माहं मन दगडाचं होतं, देवानं फोडलं, एवढंच म्हन. आपलं वाचन आपल्याकडं घे. चंदनले मी सांगून देतो." जाता जाता वळून म्हणाले, "आन ते पट्टी काढून येजो. व्हिडिओत बरी नाही दिसत."

ह्यांनी तो कागद संध्याकाळभर समोर ठेवला. चष्मा पुसला. डाव्या हातात पेन्सिल धरून, वाकड्यातिकड्या, खुणा केल्या. मला वाटलं, जमलं. एका वाक्याचा तर प्रश्न होता. मी आनंदाने शर्टाला इस्त्री केली.

रविवारी हे पुढे गेले ते पट्टीसकट. माईक डाव्या हातात घेतला.

"माहा खांदा आखडला होता," हे म्हणाले. "भैय्याजीनं ओढला, आता फाटला. मी बोंबललो ते दुखलं म्हनून. देवाचं नावबी आठवलं नाही तवा. माहं मन दगडाचं आहे का, ते देवाले माहीत. मलेबी नाही माहीत. पन खोटं बोलून त्याचं वचन कसं वाचू?"

माईक खाली ठेवला आणि मागे येऊन आपल्या जागी बसले.  भैय्याजींनी त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही डोळे मिटले.

चंदन वाचायला उठला. चौथ्या-पाचव्या ओळीत एका अवघड शब्दाशी अडकला, पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच अडकला. तेव्हा मागच्या ओळीतून, कागद न बघता, हळूच तो शब्द आला. आदल्या दिवशी ह्यांनी त्याच शब्दाखाली खूण केली होती. चंदनने तो उचलला आणि पुढे गेला.  ह्या माणसाने ते एक खोटं वाक्य म्हणावं म्हणून मी आनंदाने इस्त्री केली होती.

गाणं सुरू झालं. सगळ्यांचे हात वर गेले, निर्मलाबाईंचे तर पहिल्याच कडव्याला. माझेही सवयीने उठले होते. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत हे हात वर करून मी देवाला एक शब्दही बोलले नाही. मी लोकांना म्हणत होते, बघा. मी हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. भैय्याजींचा एक डोळा उघडला आणि फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबला.

काल निर्मलाबाई निरोप देऊन गेल्या. बुधवारी उपास-प्रार्थना आहे, आमच्याच घरी, या वेळी माझ्या मनासाठी. मसालेभातात वटाणे जास्त घाला म्हणाल्या.

बुधवारी मी दाराला आतून कडी लावणार आहे. ह्यांना म्हटलंय, तो उतारा मला वाचून दाखवा, कागद जपून ठेवलाय. हे हसले. म्हणाले, "अठरा वर्षं तं आयकलंस." त्यांना काय सांगू? अठरा वर्षं मी पुढच्या ओळीतल्या साड्या बघत होते.