लोगनबेरीची छाटणी

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीच्या संकरातून झालेली लोगनबेरी आमच्या सुनेनं, विनतानं, हौसेनं आमच्या गढा गावच्या घरी लावली. पण छाटणी तिच्या सासऱ्यांच्या हाती! दसरा झाला की आमचे हे कात्री घेऊन बसणार आणि गुलाबांबरोबर त्या काटेरी फांद्याही बुंध्यापासून उडवणार.

"बाबा, याला मागच्या वर्षीच्या फांदीवरच फळ येते. काहून कापून राहिले?" ती दरवर्षी विनवायची.

"मला नको शिकवू. जन्मभर गुलाब लावले मी."

मग उन्हाळ्यात तिलाच ऐकवायचे, "नुसतं पाणी पिते तुझं झाड."

गेल्या श्रावणात विनता डेंग्यूनं गेली. दसऱ्याला यांनी कात्रीला हात लावला नाही. गुलाबसुद्धा तसेच वाढू दिले.

चैत्रात लोगनबेरी लालभडक फळांनी लगडली. मला असा संताप आला, की म्हटलं आज यांना सोडायचं नाही. मी तरातरा अंगणात गेले.

यांनी एक पिकलेलं फळ तोडून तळहातावर घेतलं होतं. माझ्याकडे न बघताच यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "विनता, लवकर ये बाहेर!"