फक्त हातांचा फोटो

संस्थेची पत्रं मी लिहिते. देणगीदाराच्या काळजाला हात घालायचा, पण आमच्या बायकांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही, हे माझं तत्त्व. सुजलेल्या डोळ्यांचे फोटो छापणाऱ्यांना मी भर बैठकीत फैलावर घेतलेलं आहे. आमच्याकडे चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही. फक्त हात. ऑफिसात मला 'हातवाल्या बाई' म्हणून चिडवायचे. चिडवोत बापडे, मी मिरवायचे.

यंदाचे हात विणकामवालीचे होते. नवऱ्याच्या मारातून लेकीला घेऊन पळालेली, आठ महिन्यांपासून आमच्या निवाऱ्यात राहणारी. स्वेटर असा विणायची की बघत राहावं. खिडकीतल्या उजेडात तिचे सुया चालवणारे हात मी टिपले, फोटो तिला दाखवला, कागदावर सही घेतली. "बघ, दिसतोय का कुठे तुझा चेहरा?" मी म्हटलं. तिनं नकारार्थी मान हलवली. पत्रं छापून रवाना झाली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी गोड.

"आमच्या साहेबांच्या टेबलावर तुमचं पत्र पाहिलं. काय सुंदर लिहिलंय हो! त्या विणणाऱ्या बाईंना मदत करावी म्हणतो."

खोटं कशाला बोलू, कौतुक ऐकलं की मी हुरळते. "संस्थेच्या नावानं पाठवा ना, त्यांच्यापर्यंत नक्की पोचेल."

"स्वतः भेटून द्यायची होती."

"तसं आम्ही भेटू देत नाही कुणाला."

"बरोबर आहे तुमचं. मग एवढंच सांगा, थंडीत तिची करंगळी अजून दुखते का?"

मला आधी काही उमगेचना. पत्र समोरच पडलं होतं. फोटो डोळ्यांजवळ धरला. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, आणि लोकरीचा धागा तिच्यावरूनच घेतलेला. त्या धाग्यासाठीच तर मी हा फोटो निवडला होता. बोटाचं मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"तुमचा काहीतरी गैरसमज..." मी बरळले.

"तुमचा जिना फार अंधारा आहे, बाई," तो म्हणाला. "दिवा बसवून घ्या." आणि फोन ठेवला.

ऑफिसचा पत्ता पत्राच्या माथ्यावर छापलेलाच होता; म्हणजे हा इथं येऊन जिना पाहून गेला होता. निवारा मागच्या गल्लीत. विणकामवाली रोज साडेअकराला तयार स्वेटर घेऊन याच जिन्यानं वर यायची, शाळेला सुट्टी असली की लेकही सोबत. घड्याळात अकरा वीस. निवाऱ्यात फोन लावला तर तिथली बाई म्हणते कशी, "अहो, मायलेकी आत्ताच निघाल्या की!"

मी तशीच धावले. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात आमचं पत्र. मला वाट देत म्हणाला, "सावकाश उतरा, पडाल."

तोच आवाज. कठडा धरून, एकेक पायरी मोजत मी खाली आले. पाठीवर त्याची नजर आहे असं वाटत होतं, पण वळून बघायची छाती झाली नाही.

त्या दोघी रस्ता ओलांडून येत होत्या. हाक मारायची सोय नव्हती, वर ऐकू गेलं असतं. मी धावत जाऊन पोरीला उचललं, आईचा दंड धरला आणि शेजारच्या औषधांच्या दुकानात शिरले. दुकानदार भला माणूस. काही न विचारता त्यानं आम्हाला मागच्या खोलीत घेतलं, शटर ओढलं आणि पोलिसांना फोन केला.

खोक्यांच्या दाटीत आम्ही तिघी उभ्या.

"तो आलाय," मी म्हटलं. "माझं चुकलं गं. मला ते बोट दिसलंच नाही."

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही फोटो दाखवलात तेव्हाच. त्यानंच मोडलंय ते. त्याला ओळखू येणारच."

"अगं बाई, मग बोलली का नाहीस? नको म्हणायचं होतंस!" मी तिच्यावरच खेकसले. सवय, दुसरं काय.

"तुमच्या छपराखाली राहते. तुम्हाला नको म्हणून हिला घेऊन कुठे जाऊ?"

मी पोरीला एका खोक्यावर बसवलं.

पोलीस आले तोवर जिना रिकामा झाला होता. दुपारी संस्थेच्या मोठ्या बाई गाडी घेऊन आल्या. मायलेकींना लांबच्या दुसऱ्या निवाऱ्यात हलवायचं ठरलं. लेकीची शाळा सुटली, हिचं कामही सुटलं. मी गाडीच्या खिडकीशी वाकले. "कुठे जातेयस ते तरी सांग. पोचलीस की कळव गं, मला चैन पडायचं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या बाईंना म्हणाली, "यांना सांगू नका. मी नको म्हणतेय."